जेजू बेट, चैत्र आणि दारातले तीन वासे

जेजूला जायचं मी कितीतरी दिवस ठरवत होते. कोरियाच्या दक्षिणेला समुद्रात हे एकटं बेट आहे. ज्वालामुखीनं घडवलेलं. मधोमध एक मोठा डोंगर, भोवती शेकडो बुटक्या टेकड्या, आणि प्रत्येक टेकडी म्हणजे कधीकाळी धगधगलेलं एक तोंड. मार्चच्या अखेरीला तिथे पिवळी फुलं येतात. काळ्या दगडी बांधांच्या आत पिवळी शेतं, पलीकडे निळं पाणी. मी पुण्यात एका कॉलेजात मराठी शिकवते, हिंजवडीजवळ चांद्याला राहते. परीक्षांच्या मोसमात रजा काढणं सोपं नसतं. या वर्षी ते जमलं. मैत्रीण बरोबर येणार होती. किनाऱ्यावरच्या एका खेड्यात घरगुती खोली घेतली, दोघींच्या नावानं. मग मैत्रिणीच्या घरी लग्न निघालं आणि ती गळाली.

एकटीच जाईन असं मनाशी म्हणून मी रविवारी मुळशीतल्या रिह्याला आत्याला भेटायला गेले.

कमळाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. सत्तरी ओलांडलेली. रस्त्याला लागून घर, मागे गोठा, पुढे भाताची खाचरं. नवरा गेल्यापासून ती एकटीच राहते. मुलगा दत्ता हिंजवडीत नोकरी करतो, चांद्यात माझ्या शेजारच्या इमारतीत राहतो. दिवाळीनंतर आत्या गोठ्यात घसरून पडली होती. घोटा मोडला, उठता येईना, फोन घरात. डोंगरावरच्या वाडीतली बायडाबाई रोज सकाळी त्याच रस्त्यानं खाली एका फार्महाऊसवर कामाला जाते. तिनं पुढचं दार बंद पाहिलं. आक्का चांद्याला लेकाकडे गेल्या असतील, असं समजून ती पुढे गेली. दुपारी दत्तानं फोन लावला, पुन्हा लावला, मग गाडी काढली. त्याला आत्या सापडली ती गाईच्या पायांशी. गाय तेवढा वेळ खाली बसली नाही, असं आत्या सांगते.

दत्ता ते विसरला नाही. पावसाळ्याआधी आईनं चांद्याला यायचं, असं त्यानं ठरवलं. अक्षय्य तृतीयेपासून घर पुण्याच्या एका कुटुंबाला द्यायचं, शनिवार-रविवार येऊन राहायला. आत्या त्यावर ‘बघू’ म्हणाली. आमच्या घराण्यात ‘बघू’चा अर्थ ‘नाही’ असा होतो. दत्तानं तो ‘हो’ धरला.

मी गेले तेव्हा आत्या ओट्यावर पाय लांब करून बसली होती. मी तिला फोनमधला फोटो दाखवला.

“ही मोहरी कुटली गं?”

“मोहरी नाही. तसलंच काहीतरी आहे. लांब एका बेटावर. मी चाललेय तिकडं.”

“एकलीच?”

“मैत्रीण येणार होती. तिचं रद्द झालं.”

आत्यानं फोटो लांब धरून पाहिला, मग जवळ धरून पाहिला.

“मंग तिची खाट मोकळीच हाय म्हण की.”

आत्याचा पासपोर्ट होता. दत्ताला मागे सिंगापूरला पाठवणार होते तेव्हा त्यानं हौसेनं आईचाही काढला होता, ते जाणं राहून गेलं. डॉक्टरांनी हळू चालायला परवानगी दिली. दत्तानं तिकीट काढलं. “ने तिला ताई,” तो म्हणाला. “मन रमेल. आली की सामान हलवू.” म्हणजे त्याच्या दृष्टीनं ही निरोपाची सहल होती. पाडवा झाला, गाय बायडाबाईच्या वाडीवर गेली, आणि निघायच्या दिवशी घराला कुलूप लावल्यावर आत्यानं ते दोनदा ओढून पाहिलं.

आता जाणाऱ्यांसाठी थोडं. मुंबईहून सिंगापूर, सिंगापूरहून थेट जेजू, असं आम्ही गेलो. थेट बेटावर उतरलं तर आपल्याला व्हिसा लागत नाही, असं आम्ही निघालो तेव्हा होतं. पण हे नियम बदलतात. निघण्याआधी स्वतः तपासा. परतीचं तिकीट, राहण्याचं आरक्षण आणि दिवसवार आखणी छापून जवळ ठेवा, कारण उतरल्यावर ती बघतात. आमच्याकडे तर नीटच बघितली. नऊवारी, पायात दत्तानं घेतलेले पांढरे बूट, अंगात त्याचंच जाकीट. खिडकीतल्या अधिकारी मुलीनं आत्याकडे बघून विचारलं, कशासाठी आलात?

“काय म्हनती?”

“कशाला आलीस विचारते.”

“सांग, फुलं बघाया.”

मी सांगितलं. मुलगी पहिल्यांदा हसली आणि तिनं शिक्का मारला.

खाण्याचं सामान मी जुजबी नेलं होतं. मेतकूट, तिळाची चटणी, दशम्या. आत्यानं पिशवीत लपवलेली सुकट मुंबईच्या वाटेवर सापडली, ती मी दत्ताकडे परत दिली. “समुद्राच्या गावाला सुकट नेतात का?” मी म्हटलं. “त्यांची सुकट कशी आसंल काय म्हाईत,” आत्या म्हणाली.

विमानतळावरच्या दुकानात बसचं कार्ड मिळतं. ते घ्या. किनाऱ्याकिनाऱ्यानं जाणाऱ्या बस चांगल्या आहेत आणि स्वस्त. पूर्वेच्या टोकापर्यंत दीडएक तास लागतो आणि आपले शंभर रुपयेही जात नाहीत. आपला नेहमीचा नकाशा तिथे चालायचा रस्ता दाखवत नाही, त्यांचा वेगळा नकाशा फोनवर उतरवून घ्यावा लागतो. खोलीचं भाडं मात्र महाबळेश्वरला सुट्टीत लागतं तेवढं धरा.

बसच्या खिडकीतून बेट दिसायला लागलं. घरं बुटकी. दगड काळा. सगळीकडे बांध, शेताला, घराला, वाटेला, अगदी कबरीलाही. आत्या काच पुसून बघत होती.

“सुजे, हा तर आपलाच दगड हाय.”

ते खरं होतं. मुळशीचे डोंगरही लाव्हाचेच आहेत, फार फार जुने. आपला दगड घट्ट, यांचा तरुण आणि भोकाभोकांचा. उतरल्यावर आत्यानं एक तुकडा हातात घेऊन फिरवला. “अनारशावानी जाळी पडलीया,” ती म्हणाली. पुढे मी त्या दगडाबद्दल बरंच वाचलं. अनारशाइतकं नेमकं काही सापडलं नाही.

बांधांबद्दल तिचं मत वाईट होतं. दगडावर दगड नुसते ठेवलेले, मधल्या फटींतून पलीकडचं शेत दिसायचं. “आमच्याकडं आसा बांध घातला तर गड्याला कुनी च्या पाजला नसता.” त्या दुपारी वारा सुटला. मला उभं राहणं कठीण झालं. बांध जागचा हलला नाही. वारा फटींतून निघून जात होता. आत्यानं बांधाच्या फटीत हात घालून वारा पाहिला आणि पुढे चालू लागली. तिच्या बाबतीत ही कबुली असते.

आमच्या घरमालकिणीला त्या गावात सगळे हालमांग म्हणत. बेटावरच्या बोलीत आजीला तसं म्हणतात. वयानं ती आत्याएवढीच, उंचीनं कमी, खांद्यानं रुंद. ती पाणबुडी होती. या बेटावरच्या बायका नळकांडं न लावता, नुसता श्वास रोखून समुद्राच्या तळाशी जातात आणि शिंपले, समुद्रशेवाळ, ऑक्टोपस काढून आणतात. हालमांग अजून जात होती. कान मात्र पाण्यानं गेले होते, मोठ्यानं बोलावं लागे. तिची मुलगी जेजू शहरात राहते, खोलीचं आरक्षण, पाहुण्यांचे निरोप तीच बघते. तिच्याशी माझं इंग्रजीत जमत होतं.

आत्या आणि हालमांग यांच्यासाठी मी फोनवर भाषांतराची सोय केली होती. आत्या फोनच्या तोंडाशी तोंड नेऊन म्हणाली, “लई ग्वाड हाय तुमचं घर.” फोन गप्प राहिला. हालमांग काही म्हणाली, तेव्हाही गप्प राहिला. तिची बोली शहरातल्या कोरियन लोकांनाही कळत नाही, असं मुलीनं नंतर सांगितलं. दोघींनी फोन माझ्याकडे परत केला. मग आत्या मराठीत आणि हालमांग तिच्या बोलीत बोलू लागली, दोघीही मोठ्यानं. आत्यानं तिचं नाव हालमाबाई करून टाकलं.

पहिले दोन दिवस आम्ही फुलं बघितली. काही शेतांत शिरून फोटो काढायला थोडे पैसे घेतात. एक डबा असतो, तुम्ही आपले टाकायचे. रस्त्याकडेच्या फुलांना कोणी विचारत नाही आणि तीच जास्त चांगली आहेत. चेरीचा बहर वाऱ्यानं निम्मा उतरला होता. गल्लीत पाकळ्या पायांखाली येत. आत्या त्या चुकवून चालायची. जेवायला शिंपल्यांची पेज मिळायची, मऊ गुरगुट्या भातासारखी, वर तिळाचं तेल. आत्यानं त्यात चटणी घातली, हालमांगच्या वाटीतही घातली. हालमांगनं खाल्लं, डोळे पुसले, आणि वाटी पुन्हा पुढे केली.

तिसऱ्या दिवशी मी पहाटे सूर्योदयाच्या डोंगरावर गेले. समुद्रात उठलेलं हे एक प्रचंड तोंड, आतून हिरव्या परातीसारखं. तिकीट तीनशेच्या आसपास. सगळ्या पायऱ्याच, म्हणून आत्याला घरी ठेवलं. वर पोचायला अर्धा तास लागतो. थांबत जा, मागे वळून बघा, चढण्यापेक्षा तेच जास्त चांगलं आहे. ढगांमुळे सूर्य दिसला नाही. पिवळे तुकडे मात्र खाली उजेडत गेले, एकेक करून.

उतरताना फोन वाजला. हालमांगची मुलगी. आवाज धापा टाकल्यासारखा.

“आई कुठे आहे? तिला कुठल्या दवाखान्यात नेलंय?”

मी म्हटलं, मी निघाले तेव्हा ती परसात होती. मुलगी म्हणाली, मी गाडीत आहे, पोचतेच. मी उरलेल्या पायऱ्या धावत उतरले. बसची वाट बघितली नाही, टॅक्सी केली. त्या सगळ्या वेळात मला आत्याचीच काळजी होती, हे लिहून टाकते. परक्या घरात, परक्या देशात, दारात काहीतरी घडलंय आणि ती एकटी.

घरापुढे दोन तीनचाकी गाड्या उभ्या होत्या. अंगणात काळे रबरी पोशाख घातलेल्या म्हाताऱ्या बसल्या होत्या, चौघी-पाच जणी. मधोमध आत्या, हातात सोललेलं संत्रं. हालमांग तिच्या शेजारी गुडघ्यावर हात आपटून हसत होती. आणि दारात तिची मुलगी उभी. गाडीची किल्ली अजून मुठीत. तो चेहरा मी ओळखला. आत्या गोठ्यात सापडली त्या दुपारनंतर दत्ताचा चेहरा बरेच दिवस तसा होता.

काय झालं ते आत्याच्या तोंडून कळलं.

या बेटावरच्या जुन्या घरांना दार नसतं. वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक दगडी खांब, त्यांना तीन तीन भोकं, आणि भोकांतून आडवे तीन वासे. जोंगनांग म्हणतात त्याला. आता बहुतेक ठिकाणी शोभेसाठीच असतात. हालमांग मात्र वापरायची. आम्ही जाता-येता ते खालीच पडलेले असत, म्हणून मी त्यांच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. त्या सकाळी आत्या शेजारच्या शेतातलं घोडं बघायला बाहेर पडली. परत आत आली आणि तिनं तिन्ही वासे उचलून भोकांत घातले.

“का घातलेस?”

“का म्हंजी? घोडं मोकळं व्हतं. आत शिरून कांदा खाल्ला आसता मंग? कवाड उघडं टाकून आत जायला आमी काय शहरातल्या हाय?”

रिह्यात वाढलेलं कोणीही हेच करेल. कुंपणातून आत आलं की मागचे बांबू लावायचे. हे कोणी कोणाला शिकवत नाही.

फक्त या बेटावर त्या वाशांचा अर्थ वेगळा आहे. तिन्ही वासे खाली, तर मी घरात आहे. एक वर, जवळच गेलेय, येतेच. दोन वर, लांब गेलेय, संध्याकाळी येईन. तिन्ही वर, तर घर बंद, परत केव्हा येईन माहीत नाही.

सकाळी ओहोटीच्या वेळेला पाणबुड्या हालमांगला न्यायला आल्या. तिन्ही वासे वर. काल संध्याकाळपर्यंत तर ती इथेच होती. त्यांनी हाका मारल्या. हालमांग मागे परसात, तिला ऐकू येईना. आत्यानं हाका ऐकल्या. ती पडवीत आली.

“मी म्हनलं, हाय हाय, हितंच हाय, या की आत. हात केला. तर त्या आनिक वरडाया लागल्या.”

नऊवारीतली परकी बाई पडवीत उभी राहून हातवारे करतेय, वासे तिन्ही वर, आणि हालमांगचा फोन वाजूनही उचलला जात नाही. एकीनं मुलीला फोन लावला, आईला दवाखान्यात नेलंय का म्हणून. दुसरीनं शेजारच्या घरी सांगितलं. तिसरी बांध चढून परसात उतरली आणि हालमांगच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. हालमांगच्या हातात कांद्याची जुडी होती.

मी सगळ्यांची माफी मागितली. मुलीनं हात हलवला, राहू दे म्हणाली, आणि पायरीवर बसली. नंतर तिनं आईला काहीतरी बरंच सुनावलं. आईनं एका वाक्यात उत्तर दिलं. म्हाताऱ्या हसल्या.

“काय म्हनती ती?” आत्यानं विचारलं.

मी मुलीला विचारलं. “मी तिला दर वर्षी म्हणते, शहरात माझ्याकडे ये,” ती म्हणाली. “ती म्हणते, तिथे माझे वासे कोण बघणार?”

मी हे आत्याला सांगितलं. तिनं हातातलं संत्रं खाली ठेवलं.

“सुजे, म्हंजी ह्या रोज बगत्यात?”

“रोज बघतात.”

“आन् आज चुकीचं दिसलं, तर समद्या आल्या.”

“हो.”

आत्या खांबाकडे बघत राहिली. “बायडीनं माझं दार बगितलं व्हतं की,” ती म्हणाली. “बंद दार. बंद दारातनं काय कळतंय?”

तोवर ओहोटीची वेळ निघून गेली होती. पाणबुड्या समुद्रावर गेल्याच नाहीत. त्यांच्या कमाईचा दिवस आमच्यामुळे बुडाला, पण ते कोणी बोलून दाखवलं नाही. उलट त्यांनी आत्याला दोन्ही खांबांपाशी नेऊन शिकवलं. एक वासा. दोन वासे. तीन वासे. एक जण वासा घालायची, दुसरी अभिनय करून दाखवायची. जवळच गेले. लांब गेले. परदेशी गेले. परदेशी म्हणताना त्यांनी आत्याकडेच बोट दाखवलं. आत्यानं पदर खोचून सगळं करून दाखवलं आणि चुकली नाही. उरलेले दिवस हालमांगनं वाशांचं काम तिच्याकडेच दिलं.

पुढचे दोन दिवस बारीक पाऊस होता. एप्रिलमध्ये तिथे असा पाऊस येतो आणि माळावर नेच्याचे कोवळे कोंब उठतात. बायका पहाटे पिशव्या घेऊन तेच खुडायला जातात. आपल्याकडे पहिल्या पावसात कोळूची रानभाजी काढायला जातात तशाच. हालमांग निघाली, आत्या निघाली, मी छत्री घेऊन मागे. घोटा दुखेल म्हणून मी आत्याला दगडावर बसवलं. ती बसली नाही. वाकून, काठी टेकत, कोंब नखानं मोडत ती हालमांगच्या बरोबरीनं पुढे गेली. निघताना तिनं घराला दोन वासे लावले होते. वाटेत एका अनोळखी म्हातारीनं तिला थांबवून काहीतरी विचारलं. आत्यानं दोन बोटं दाखवली. म्हातारी मान हलवून निघून गेली.

मोठ्या डोंगरावर जायचं राहिलं. लाव्हाची गुहा बघितली नाही. बेट नीट बघायचं तर आठवडा हवा आणि पाय धड हवेत. आम्ही एक किनारा आणि एक अंगण बघितलं. निघताना हालमांगनं वाळवलेले कोंब दिले. आत्यानं चटणीची बरणी दिली. दोघी एकमेकींना काय म्हणाल्या ते मी ऐकलं, अर्थ लागला नाही. बस वळेपर्यंत आत्या मागे बघत होती. घरापुढचे तिन्ही वासे खाली होते.

मुंबईला दत्ता घ्यायला आला होता. “आई, रविवारी टेम्पो सांगितलाय,” तो म्हणाला. आत्या म्हणाली, “बघू.” मग थोड्या वेळानं, द्रुतगती मार्गावर, “न्हाई.”

रविवारी मी रिह्याला गेले तेव्हा टेम्पो आला नव्हता. दत्ता आला होता. अंगणाच्या तोंडाला ऐनाच्या लाकडाच्या दोन मेढी रोवलेल्या होत्या. बायडाबाईच्या नवऱ्यानं त्यांना भोकं पाडून तीन बांबू घातले होते. बायडाबाई ओट्यावर चहा पीत होती. दत्ता उभाच होता.

“कॅमेरा लावतो आई. चांद्यातनं सगळं दिसेल मला.”

“तुला दिसंल. मी पडली तर उचलाया कोन यील? तू? चांद्यातनं? त्या हिंजवडीच्या चौकात गाड्या हालत न्हाईत तुझ्या.”

“आणि ही येईल?”

“ईन की,” बायडाबाई म्हणाली. “रोज जाते न्हवं मी हितनं. रातच्याला आक्का तिन्ही बांबू लावनार, उठल्या की खाली घेनार. सकाळी खाली दिसलं तर बरं. वर दिसलं आन् आक्कांनी आदल्या दिशी काय सांगितलं नसंल, तर आत येऊन बगीन. तवा दार बगून गेले. आता न्हाई जायची.” तिनं बशी खाली ठेवली. ती गोष्ट तिला आतून लागलेली होती, हे तेव्हा कळलं.

“आन् बायडी आली न्हाई,” आत्या म्हणाली, “तर मी तिच्या वाडीवर फोन लावनार. नुसतं तिनंच बगायचं आसं न्हाई.”

दत्तानं बांबूवर हात ठेवला, हलवून पाहिला. पुणेकर कुटुंबाला काय सांगायचं, असं काहीतरी पुटपुटला. मग म्हणाला, “हा एक पावसाळा. नीट गेला तर पुढचं बोलू.”

“बघू,” आत्या म्हणाली.

घरी आल्यावर लोक विचारतात, बेट कसं होतं. मी फोटो दाखवते. पिवळं, काळं, निळं. ज्यांना जायचंय त्यांना सांगते, मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत जा, वाऱ्यासाठी जाकीट न्या, शहरात न राहता खेड्यात राहा. ओट्यावर ठेवायला एक जाळीदार दगड आणायचा मोह झाला होता. तो आणायला मनाई आहे, आणला नाही. आपल्याकडे दगडाला तोटा नाही.

परवा पौडच्या बाजूला काम होतं, म्हणून न सांगता रिह्याला वळले. खाचरांत भाताच्या रोपांसाठी पालापाचोळ्याचा राब भाजून झाला होता, जमीन काळी पडली होती. घरापुढे दोन बांबू वर होते. मी फोन काढला आणि परत ठेवला. अंगणाबाहेरच्या दगडावर बसले.

थोड्या वेळानं दत्ताची मोटरसायकल आली. त्यानं मला बघितलं नाही. आधी बांबू बघितले.

“दोन,” तो म्हणाला. “म्हणजे संध्याकाळी येईल.”

मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. “तू कधी आलीस ताई?”

त्यानं आणलेली औषधांची पिशवी वरच्या बांबूला अडकवली, गाठ घट्ट केली, आणि फोन न लावता चांद्याला परत गेला.